बोरथडीच्या विहिरीचा दंड

दंड किती लागणार हे साहेबांच्या मनावर असतं, अशी परभणी जिल्ह्यात सगळ्यांची पक्की समजूत आहे. कारखानदारांची आहे, तक्रार करणाऱ्यांची आहे, आणि धम्मानंद साळवेच्या सख्ख्या मेव्हण्याचीही आहे. हा मेव्हणा सेलूला एका जिनिंगमध्ये नोकरीला आहे. दर दिवाळीला जेवण झालं की सुपारी कातरता कातरता तो विचारतो, "भावजी, खरं सांगा, एका केसमागं किती सुटतं?" धम्मानंद दर दिवाळीला त्याला तेच उत्तर देतो. दंड माणूस लावत नाही, गुणाकार लावतो.

मेव्हण्याला पटो न पटो, ते खरंच होतं. धम्मानंद प्रदूषण मंडळात क्षेत्र अधिकारी होता, आणि मंडळाकडे एक सूत्र होतं. पाच आकडे घ्यायचे आणि एकमेकांशी गुणायचे. कारखाना कोणत्या जातीची घाण करतो हे आधीच रंग लावून ठरवलेलं असतं. लाल, नारिंगी, हिरवा. तो लहान की मोठा हे त्याच्या परवान्यावरून कळतं. रुपयांचा दर वरून आलेला. आसपासच्या वस्तीचा आकडा लोकसंख्येवरून, आणि लोकसंख्या दहा लाखांच्या आत असली की तो आकडा एक. आता एकाने गुणून काय बदलतं? काही नाही. म्हणजे परभणी शहरही एक आणि गोदाकाठचं चार आळ्यांचं खेडंही एकच. राहिला पाचवा आकडा, तो दिवसांचा. हा एवढा एकच धम्मानंदाच्या हातात होता, आणि तोही पुरता नव्हता. दूषित पाण्याचा नमुना ज्या दिवशी पकडला त्या दिवशी मोजणी सुरू. दुरुस्ती झाली हे अधिकाऱ्याने स्वतः जाऊन बघितलं की मोजणी बंद. त्याआधी पाणी किती वर्षं काळं वाहत होतं, याच्याशी सूत्राला काडीचंही देणंघेणं नाही. कायद्याच्या लेखी पाणी बाटलीत पडेपर्यंत स्वच्छच असतं.

लोकांना हे कोरडं वाटायचं. धम्मानंदाला मात्र त्याचा हा कोरडेपणाच आवडायचा. त्या पाच आकड्यांत कोणाचं आडनाव नव्हतं, कोणाचा मामा आमदार नव्हता. तोंड बघून केलेला न्याय त्याच्या बापाने आणि आज्याने पोटभर खाल्ला होता; त्याला गुणाकार बरा वाटायचा. तो साइटवर कोणाकडेही चहा घ्यायचा, पण जास्त बोलायचा नाही. विचारलं तेवढं सांगायचं, हा त्याचा नियम होता, आणि एवढ्या वर्षांत त्या नियमाने त्याला कधी अडचणीत आणलं नव्हतं.

बोरथडीचा फोन आला तो जानेवारीत. फोन करणारी बाई होती सत्यशीला, तिथल्या बौद्धवस्तीतली अंगणवाडी सेविका.

"जयभीम साहेब. सोनपेठ तालुक्यातून बोलायले. आमच्या हिरीचं पाणी खराब व्हायलंय. कुठं कुठं सांगून बेजार झालो, कोणी ध्यान देईना."

मग तिने सगळं नीट सांगितलं. गाव चढावर, वस्ती खाली, मधून ओढा. ओढ्याच्या वरच्या अंगाला दत्तरावांचा गूळ पावडरचा कारखाना. हंगाम सुरू झाला की कढया धुतलेलं, मळी मिसळलेलं पाणी रात्रंदिवस ओढ्यात सोडायचं. ओढा वस्तीच्या विहिरीला घासून जातो. आधी पाण्याला नुसता वास होता, आता रंग आला होता. लेकरांच्या अंगाला खाज सुटत होती.

"गावात नळ नाहीत का?" धम्मानंदाने विचारलं.

"वर हायेत. खाली पाणी चढत न्हाई म्हणतेत." तिने पुन्हा म्हटलं. "साहेब, खालच्या अंगाला पाणी चढत न्हाई म्हणतेत, आता काय बोलावं. वर जाऊन आणता येतंय. पण आमाला आमची हीर पाहिजे. दुसरं काई न्हाई."

ती हे का म्हणते, ते धम्मानंदाला फोड करून सांगायची गरज नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतली माणसं सरकारी कामावर खडी फोडायला शिकली होती. दुष्काळ सरल्यावर त्याच हातांनी त्यांनी आपल्या जागेत, आपल्या घामाने ती विहीर खणली. त्याआधी वस्तीतल्या बायका वरच्या विहिरीपाशी खाली बसून राहायच्या, कोणी वरून ओतेल तेव्हा घागर पुढे करायच्या. विहिरीला पाणी लागलं त्या दिवसापासून बोरथडीच्या वस्तीतली बाई कोणापुढे घागर घेऊन बसली नाही. विहिरीचं पाणी गेलं म्हणजे हे गेलं, आणि त्यासाठी त्या पाच आकड्यांत कुठे जागा नव्हती.

"गुरुवारी येतो," तो म्हणाला. "दोन पंच लागतील. तेवढे तयार ठेवा. बाकी कोणाला बोलू नका."

ही त्याची चूक. एरवी तो कोणाला न कळवता जायचा. पण पंच ऐन वेळी मिळत नाहीत, सोनपेठ काही शेजारी नाही, आणि बाई शहाणी वाटत होती.

गुरुवारी जीप ओढ्यावरून खाली उतरली तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. प्रत्येक दारापुढे सडा होता, सड्यावर रांगोळी. बुद्धविहारापुढची पताका नवी होती. ओढ्याचा काठ फावड्याने खरवडून त्यावर मुरूम टाकला होता. आणि विहिरीजवळ पोचायच्या आधीच ब्लीचिंग पावडरचा भपकारा आला. वाकून पाहिलं तर पाणी फिकट, जवळजवळ नितळ.

"दोन थैल्या टाकल्या साहेब," बुद्धभूषण म्हणाला. हा सत्यशीलेचा दीर, ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होता. "एक ग्रामपंचायतीची व्हती, एक पदरची आणली. पहाटंपसून हालवायलोत."

त्याच्या मागे रुख्मिणबाई उभी होती. सत्यशीलेची सासू, वस्तीतली सगळ्यांत वडीलधारी बाई. इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, हातात फुलं घेऊन. तिच्या नवऱ्याने विहिरीचा पहिला सुरुंग लावला होता.

"आपल्यातला साहेब येनार म्हणल्यावर वस्ती कशी दिसाय पाहिजे," ती म्हणाली. "सगळ्या बायांनी हात लावला. बगा, कुठं बोट ठिवायला जागा हाय का?"

नव्हती. तोच तर घोळ होता. ज्या घाणीचा पुरावा घ्यायला तो इतक्या लांब आला होता, ती घाण वस्तीने खराटे घेऊन सकाळपासून धुऊन काढली होती. ब्लीचिंग पडलेल्या पाण्याचा नमुना नेला असता तर प्रयोगशाळेने दत्तरावांना प्रशस्तिपत्रच दिलं असतं. आणि एवढी साफसफाई कशाला, हे वरच्या आळीतल्या कोणी विचारलं असणारच. कारण कारखान्याच्या कढया थंड होत्या आणि ओढ्यावर उघडणारा पाइप कोरडा ठणठणीत. सुपरवायझरने हसून नमस्कार केला. "आज मेंटेनन्स हाय साहेब."

धम्मानंदाला राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना. लहानपणी शाळेचे गुरुजी घरी यायचे म्हणून त्याच्या आईने अंगण दोनदा सारवलं होतं, आणि ते सुकायच्या आत गुरुजी बाहेरच्या बाहेर निघून गेले होते. ज्यांना जन्मभर घाणेरडे म्हटलं गेलं, त्यांच्या दारात अधिकारी येणार म्हटल्यावर ते घाण दाखवतील कशी? हे त्याला आधी कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नसतं कळलं तरी चाललं असतं.

विहाराच्या ओट्यावर बसून त्याने सगळ्यांना सांगितलं, की आजचा नमुना कुचकामी आहे. हंगाम संपत आला आहे. कारखाना बंद व्हायच्या आत काळं पाणी बाटलीत पकडलं नाही तर यंदा काहीच होणार नाही, मग पुढच्या दिवाळीनंतरच.

"मग काय करावं?" सत्यशीलेने विचारलं.

"काही करू नका. झाडू नका, पावडर टाकू नका, ओढा खरवडू नका. आहे तसं राहू द्या. मी न सांगता येईन."

रुख्मिणबाईच्या हातात अजून फुलं होती. "म्हंजे घाण राखून ठिवायची?"

"हो, माय."

"दारात?"

"विहिरीत आणि ओढ्यात. पण हो, दारातही येणारच."

"साहेब, आमाला घाणीतले म्हणनारे लय आले." तिचा आवाज चढला नाही. "घाण राखा म्हणनारे तुमीच पैले."

बोलण्यासारखं त्याच्याकडे नियमाइतकंच होतं, म्हणून त्याने नियम सांगितला. नमुना पकडला की त्या दिवसापासून दिवस मोजायला सुरुवात होते, आणि विहीर साफ झाली हे तो येऊन बघेपर्यंत ते चालू राहतात. जितके दिवस, तितका दंड मोठा.

"जितके दिवस, तितका मोठा?" सत्यशीलेने पुन्हा विचारलं.

"हो."

तिने मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. बाईला समजलं, असं धम्मानंदाला वाटलं, आणि तो जीपमध्ये बसला.

तो परत गेला धुळवडीच्या दिवशी. सरकारी सुट्टी, सगळीकडे रंग. अशा दिवशी साहेब लोक घराबाहेर पडत नाहीत हे दत्तरावांनाही ठाऊक होतं. कारखान्याचं धुराडं जोरात होतं. पाइपातून पाणी येत होतं, काकवीपेक्षा काळं, त्यावर पिवळट फेस. ओढ्याकाठी उभं राहिलं की डोळे चुरचुरत होते. वस्तीत कोणाच्या दारात सडा नव्हता. माशा इतक्या, की बोलायला तोंड उघडायची चोरी. बायका पदर नाकाला लावून दारांतून बघत होत्या, आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या. रुख्मिणबाई घरातून बाहेर आलीच नाही.

बुद्धभूषण आणि वस्तीतला एक पोरगा पंच म्हणून उभे राहिले. धम्मानंदाने पाइपापाशी भरलं, ओढ्यात भरलं, विहिरीत दोर सोडून भरलं. बाटल्यांना लाख लावली. गालावर गुलाल फासलेल्या सुपरवायझरने कण्हत कुंथत सही केली. दिवस सुरू झाले.

प्रयोगशाळेचा अहवाल यायचा तसा आला. सुनावणीला दत्तराव स्वतः आले, सोबत परभणीचा वकील. दत्तराव आडदांड वगैरे नव्हते. पांढरा सदरा, हातात चष्म्याचं घर, बोलणं लोण्यासारखं. कारखाना लहान आहे, हे वकिलाने मांडलं आणि ते खरं असल्यामुळे मान्य झालं. लहान म्हणजे अर्ध्याने गुणणं. रंग, दर आणि लोकसंख्या यांवर वाद नव्हताच. धम्मानंदाने दोन अटी घातल्या. ओढ्यातला पाइप कायमचा बुजवायचा, आणि वस्तीची विहीर उपसून, गाळ काढून, पाणी पिण्याजोगं करून द्यायचं. दोन्ही झाल्याचं तो बघेपर्यंत दिवस चालू.

"येवढंच ना?" दत्तराव म्हणाले. "आठवड्यात करून टाकतो साहेब. आपलीच माणसं हायेत ती."

धम्मानंद मनातून खूश झाला. दंड लहानसाच होणार होता, पण विहीर साफ होणार होती, आणि तीही दत्तरावांच्या पंपाने. सूत्रात विहिरीला जागा नव्हती. त्याने ती दिवसांच्या मागच्या दाराने आत घेतली होती. फार वर्षांनी आपण काहीतरी डोकं लावून केलं असं त्याला वाटलं, आणि त्या दिवशी घरी जाताना त्याने पाव किलो बालूशाही घेतली.

आठवडा गेला, चैत्र गेला. पाइप बुजवल्याचे फोटो आले, विहिरीचं काही येईना. मग दत्तरावांचा फोन आला.

"साळवे साहेब, मी पंप धाडला, माणसं धाडली. बायांनी हाकलून दिली. हिरीवर बसून राहिल्यात. हात लावू देईनात."

ही दत्तरावांची नवी शक्कल असावी असं धम्मानंदाला वाटलं. उशीर स्वतः करायचा आणि खापर वस्तीवर फोडायचं, हे त्याने पुष्कळ पाहिलं होतं. दिवस चालू राहिले. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा लोणी वितळलं होतं. "इकडं मीटर पळायलंय साहेब, तुमी येऊन तर बगा!" मग वकिलाची नोटीस आली. त्याच्या वरिष्ठ सविता मॅडम मात्र आकडा बघून हरखल्या होत्या. एवढ्या लहान युनिटवर एवढा दंड त्यांच्या विभागात कधी बसला नव्हता. "चालू दे," त्या म्हणाल्या. "मुंबईला दाखवण्यासारखी केस आहे."

तरी नोटीस होती, जाणं भाग होतं. मेच्या मध्यावर, टळटळीत दुपारी तो बोरथडीला पोचला.

वास ओढ्याच्या अलीकडेच आला. पाइप खरोखर बुजवलेला होता. पण ओढ्यातलं उरलेलं पाणी डबक्यांत कुजत पडलं होतं, आणि विहिरीवर जाड साय धरली होती. त्यात किडे वळवळत होते. विहिरीच्या कठड्याला टेकून दोन बायका पहारा दिल्यासारख्या बसल्या होत्या. चढावरून सत्यशीला येत होती. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, मागे अजून चार-पाच जणी.

"ताई, वरून आणता पाणी?"

"मग कुठून आणनार?" तिने हंडा उतरवला. "वरचा नळ दुपारचा सुटतो. त्यायचं भरून झालं की आमचं. कोणी काई बोलत न्हाई. भांडी मागं ठिवा म्हणतेत, तेवढंच."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. तिच्या लेकीच्या कोपरापासून मनगटापर्यंत खाजवून खाजवून फोड आले होते. त्यावर हळद लावलेली.

"दत्तरावांची माणसं आली होती ना विहीर उपसायला?"

"आल्ती. दोनदा आल्ती."

"तुम्ही हाकलली?"

सत्यशीला हसली, पहिल्यांदाच. "आत्याबाई सांगतील तुमाला."

रुख्मिणबाई या वेळी बाहेर आली. पदर सावरत, लगबगीने. धुळवडीला तोंड न दाखवणारी बाई ही नव्हेच. तिने त्याचा हात धरला, साहेब वगैरे सोडून दिलं, आणि "चल लेकरा, दाखवते" म्हणत विहारामागे घेऊन गेली. तिथे चिंचेखाली मोकळी जागा होती. जमिनीत बाभळीची एक मेख ठोकलेली, तिच्याभोवती चुन्याचं रिंगण.

"पाणाड्या आणला व्हता. लय चांगला हाय म्हणतेत, नारळ उभा राह्यला त्याच्या हातावर. इथं गोड पाणी हाय म्हणला. ओढ्यापसून बी लांब. ही नवी हीर. शिमिटाची बांधून काढू." तिने पायाने रिंगणाबाहेरचा एक खडा बाजूला केला. "जुनीत आता मन लागत न्हाई. कितीबी उपसली तरी त्याच वड्याकाठी हाय ना ती. सत्यशीला म्हणली, साहेबानं सांगितलंय, जितके दिवस तितका दंड मोठा. मंग आमी म्हणलं, थोडे दिवस काढू. घाणीत ऱ्हायची काय आमाला नवी गोष्ट हाय का? वर जाऊन रांगेत उभं ऱ्हावं लागतंय, तेवढं लागतं मनाला. पण शिमिटाची हीर व्हायची म्हणल्यावर बाया म्हणल्या, आमी उभ्या ऱ्हातो."

मग तिने विचारलं, अगदी सहज, बाजाराला जाणाऱ्याने एस्टीची वेळ विचारावी तसं. "आता पुरेल का येवढ्यात? का अजून दम काढावा?"

धम्मानंदाला आधी नीट उमजलंच नाही. उमजलं तेव्हा त्याने मेखेवरची नजर काढली.

"माय, तो दंड वस्तीला मिळत नाही."

"आं?"

"दंड मंडळाच्या खात्यात जमा होतो. मुंबईला."

रुख्मिणबाईने सत्यशीलेकडे पाहिलं. सत्यशीला त्याच्याकडे बघत होती. मागे हंडे घेऊन आलेल्या बायका उभ्या राहिल्या होत्या, त्यांतल्या एकीने "काय म्हणले?" असं हळूच विचारलं.

"हीर आमची खराब झाली," सत्यशीला म्हणाली.

"हो."

"खाज आमच्या लेकरायला."

"हो, ताई. पण तो पैसा पर्यावरणासाठी वापरला जातो. म्हणजे... प्रस्ताव पाठवता येतो. मी पाठवीन."

"पर्यावरण म्हंजे आमी न्हाई का साहेब?"

प्रस्तावाचा कागद कुठून कुठे जातो आणि कुठे अडकून पडतो हे त्याला पाठ होतं. सांगितलं असतं तर ते खरं निघालं असतं आणि त्याचा उपयोग शून्य झाला असता.

"तुला ठावं व्हतं?" रुख्मिणबाईने विचारलं. "त्या दिशी, वट्यावर सांगायलास तवा?"

"होतं, माय."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"कोणी विचारलं नाही."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला स्वतःची लाज वाटली. ते खोटं नव्हतं. खरोखर कोणी विचारलं नव्हतं, आणि दंड सरकारजमा होतो ही गोष्ट त्याला इतकी उघड होती की ती कोणाला माहीत नसेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण या वस्तीने त्याच्या एका वाक्यावर अख्खा उन्हाळा काढला होता. झाडलोट सोडली होती, नाकाला पदर लावून जेवली होती, आणि ज्या रांगेतून तिला तिच्या वाडवडलांनी बाहेर काढलं होतं, तिथे ती आपल्या पायांनी परत जाऊन उभी राहिली होती. या सगळ्यातून काय निघालं, तर मुंबईला दाखवण्यासारखी केस.

मग सत्यशीलेने कमरेला खोचलेला मोबाइल काढला आणि धम्मानंदापुढे धरला.

"लावा दत्तरावाला. पंप धाडा म्हणावं. आजच धाडा म्हणावं." "आमी उठतो हिरीवरून."

त्याने फोन लावला. दत्तराव आनंदाने म्हणाले, "आत्ता धाडतो साहेब, आत्ता!" विहिरीवरच्या दोघी बायका उठल्या आणि लुगडी झटकत आपापल्या घरी गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर धम्मानंदाला बरं वाटलं असतं.

तो जीपकडे वळला तेव्हा रुख्मिणबाई म्हणाली, "बस. च्या घेऊन जा."

"नको माय, खरंच नको."

"वरच्या नळाचं पाणी हाय, घाण न्हाई." तिने सुनेला हाक मारली. "सत्यशीला, च्या ठिव. आल्या माणसाला तसंच धाडावं का?"

सत्यशीला अंगणातल्या चुलीपाशी बसली. काटक्या हिरव्या होत्या, नुसता धूर होत होता. रुख्मिणबाईने थोडा वेळ ते पाहिलं. मग ती विहारामागे गेली. वाकून, दोन्ही हातांनी गदागदा हलवून तिने ती मेख जमिनीतून उपटली, पायाने माती सारखी केली, आणि मेख आणून चुलीत सारली.

"बाभळीची हाय," ती म्हणाली. "चांगली पेटंल."

पेटलीही. चहा लवकर झाला. कपबशी त्याच्या हातात देताना सत्यशीलेने साखर पुरते का विचारलं. तो पुरते म्हणाला. वस्तीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या राहून तो पितोय का ते बघत होत्या, आणि तो घोट घोट करत सगळा प्याला.